यंदाचा मान सोलांजचा

मूर्ती घ्यायला हात पुढे करताना सोलांजने पाय घट्ट रोवले होते. संत व्हँसाँची मूर्ती अक्रोडाच्या लाकडाची, बैठक ओंडक्यासारखी जाड. गेल्या वर्षी ती उचलताना कोलेतचा दांडगा नवरासुद्धा 'हुं' करून वाकला होता. द्राक्षमळेवाल्यांच्या मंडळाचा अध्यक्ष अमेदे याने चर्चच्या दारात मूर्ती तिच्या हातांवर ठेवली, आणि सोलांजचे हात भसकन वर गेले. तोल जाऊन ती पाऊलभर मागे सरकली. रिकामी टोपली यावी तसा देव हातात आला होता.

"अमेदे, हे काय आहे?" तिने हळूच विचारले.

"चल गं, चालायला लाग. बँडवाले खोळंबलेत."

"हे काय आहे, विचारतेय मी."

"घरी गेल्यावर बोलू. लोक बघताहेत, जरा हसरा चेहरा ठेव."

लोक बघत होतेच. जानेवारीच्या थंडीत काळे कोट घातलेले मळेवाले मागे ओळीने उभे होते, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पॅरिसहून बसने आलेले पाहुणे फोन उंचावून दाटीने. गढी बघायची, तळघरात वाइन चाखायची, जाता जाता गावकऱ्यांची मिरवणूकही बघायची, असा त्यांचा बेत. सोलांज चालू लागली. तिच्या छातीशी धरलेला संत हुबेहूब होता. हातातला द्राक्षांचा घड तोच, निळा झगा तोच, नाकावरची चीरसुद्धा तीच.

या गावात दरवर्षी याच दिवशी द्राक्षवेलांचा राखणदार संत व्हँसाँ एका घरातून दुसऱ्या घरी जातो आणि वर्षभर तिथेच राहतो. ज्याच्या घरी तो, ते घर त्या वर्षी सगळ्यांचे. वसंतात कोवळ्या फुटव्यांवर दहिवर गोठण्याची भीती असते, तेव्हा अख्खे गाव त्या घराच्या स्वयंपाकघरात येऊन बसते, सूप पिते, प्रार्थना म्हणते, एकमेकांची उणीदुणी काढते आणि पुन्हा प्रार्थना म्हणते. मात्र हा मान ज्यांचे स्वतःचे वेल आहेत त्यांनाच. सोलांजने उभा जन्म दुसऱ्यांच्या वेलांची छाटणी केली. तिच्या दाराशी लोक यायचे ते 'उद्या वरच्या मळ्यात ये' एवढे सांगायला, आणि उंबऱ्याबाहेरूनच परत जायचे. तिच्या नवऱ्याला, रनेला, हे फार लागायचे. म्हणून त्याने दगडाच्या खाणीखालचा वाकडातिकडा तुकडा विकत घेतला. कुणालाच नको होता तो.

"एकदा आपले चार वेल झाले ना, की देव आपल्याकडेही येईल बघ," तो म्हणायचा. मंडळात नाव लागले, आणि देव यायच्या आधी रनेच गेला.

यंदा तिचे नाव निघाले तेव्हा सोलांजने स्वयंपाकघराला स्वतः रंग दिला. नाताळाआधीपासून तिने साखर आणि लोणी सोडले होते. पहाटे छाटणीला निघण्याआधी रोजची प्रार्थना होतीच, तिच्यात एक नवी भर घातली होती : ये, घर लहान आहे, पण ये.

तिला राग येत होता. सोलांजच्या रागाची एक खोड होती. इतरांचा आवाज चढतो, तिचा उतरायचा. त्यामुळे तो कधी कुणाला ऐकूच गेला नव्हता.

"काय झालं गं? चेहरा का असा?" शेजारून चालणाऱ्या कोलेतने विचारले. वर्षभर देव तिच्याच घरी होता.

"कोलेत, तुझ्याकडून त्याला कोण घेऊन गेलं?"

"गढीवाले. लाकडाला कीड लागलीय, औषध भरतो म्हणाले. अमेदे स्वतः आला होता गाडी घेऊन. का गं?"

"हात लाव खालून."

कोलेतने बैठकीखाली हात घातला आणि तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! हा तर पोकळ आहे!"

"त्याला नको बोलूस. बिचाऱ्याला जसा केला तसा तो झाला."

कारंज्यापाशी रस्ता फुटतो. डावीकडे सोलांजची गल्ली, उजवीकडे गढी. सोलांज उजवीकडे वळली. ढोलवाला क्षणभर गोंधळला, पण देव जिकडे तिकडे बँड, हे त्याला लहानपणापासून पाठ. तोही वळला. त्याच्यामागे तुताऱ्या, काळे कोट, पाहुणे, सगळीच मिरवणूक वळली.

"सोलांज! अगं वाट चुकलीस!" अमेदे धापा टाकत पुढे आला.

"नाही चुकले."

गढीच्या तळघरात दगडी कमानीखाली काचेची पेटी होती. आत दिवे लावलेले, आणि त्या उजेडात खरा संत व्हँसाँ उभा होता. पेटीपुढे लाल दोरी. दोरीअलीकडे पेले हातात घेऊन पाहुण्यांचा एक घोळका, आणि त्यांना माहिती सांगणारी गळपट्टा बांधलेली तरुणी.

"शतकानुशतकं हा संत याच तळघरात, या पिंपांची राखण करत उभा आहे..."

"शतकानुशतकं?" कोलेत मागून ओरडली. "अगं पोरी, परवापरवापर्यंत माझ्या स्वयंपाकघरात होता तो, सॉसेजच्या माळेखाली! माझ्या नवऱ्याचं घोरणं ऐकलंय त्यानं वर्षभर!"

पाहुणे हसले. काहींना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला.

गढीची व्यवस्थापक मादाम विलार लगबगीने आली. "या, या! मिरवणूक इथवर आली, फारच छान. सगळ्यांना एकेक पेला द्या रे."

"मादाम, त्याला बाहेर काढा," सोलांज म्हणाली.

"जरा मोठ्यानं बोलता का?"

"त्याला बाहेर काढा. यंदा तो माझ्याकडे यायचा आहे."

मादाम विलार समजुतीने हसली. "हे बघा, इथे तो सुरक्षित आहे. हवा, उजेड, सगळं मोजूनमापून ठेवलंय. जगभरातून माणसं येऊन बघतील. आणि तुम्हाला तर आम्ही इतकी सुंदर प्रतिकृती दिलीय. फरक ओळखायलाही येणार नाही."

"मला बघायला नकोय तो. सांभाळायचाय."

अमेदेने तिचा दंड धरला. "सोलांज, ऐक. चर्चच्या छपरातून पाणी वेदीवर गळत होतं, विसरलीस? कुणी घातलं नवं छप्पर? यांनी. त्याबदल्यात मागितलं काय, तर एवढंच."

"वर छप्पर घातलंस आणि खालचा देव देऊन टाकलास."

"मंडळानं ठरवलंय ते. मी एकट्यानं नाही."

"छप्पर तर दोन वर्षांपूर्वीच झालं. मग गेल्या वर्षी कोलेतकडे खराच का गेला? त्याआधी तुझ्याकडे होता, तेव्हा का नाही दिलास? माझ्याच वर्षी का?"

अमेदेने इकडेतिकडे पाहिले. लहानपणी दोघे एकाच बाकावर बसले होते, एकाच फादरचा मार खाल्ला होता. त्याला खोटे बोलता आले नाही, आणि खरे नीट बोलता आले नाही.

"तुझं घर लहान... एकटी बाई तू... आणि आम्हाला वाटलं, तू समजून घेशील. तू कधी कुणाला काही बोलत नाहीस, सोलांज."

सोलांजचा आवाज इतका खाली गेला की मागचे लोक ऐकायला पुढे सरकले.

"म्हणजे मी गप्प बसते, म्हणून मला पोकळ देव. मोठ्यानं भांडणाऱ्यांच्या घरी भरीव. तुमच्या वेलांपुढे मी जन्मभर वाकले, अमेदे. तुझ्या बापाच्या, तुझ्या, तुझ्या लेकाच्या. वेल कुणाचा हे बघून मी कधी कात्री हलक्या हातानं चालवली नाही. आणि तुम्ही माझं दार बघून देव हलका केलात."

"अगं, असं नाही..."

"असंच आहे. तू आत्ताच सांगितलंस."

तिने आजूबाजूला पाहिले. तिकिटांच्या टेबलावर बूच काढायचे स्क्रू आणि गढीचे चित्र छापलेले पेले मांडले होते. त्यांच्यामध्ये जागा करून तिने हातातली मूर्ती अलगद ठेवली, जशी खरी ठेवली असती तशीच. मग ती लाल दोरीशी गेली. "मादाम, कृपया दोरीच्या अलीकडे," ती तरुणी पुटपुटली. सोलांज अलीकडेच होती. काचेतल्या संताकडे बघत तिने छातीवर क्रूस काढला आणि रोजची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. नव्याने जोडलेली ओळ मात्र तिने म्हटली नाही. ढोलवाल्याने टोपी काढली. बाकीच्यांना पेले कुठे ठेवावेत ते कळेना.

ती बाहेर पडली तेव्हा मिरवणूक उरली नव्हती. निम्मे लोक मागे राहिले. पेले एकमेकांना लागल्याचा आवाज तिला पायऱ्यांपर्यंत ऐकू आला.

गल्लीत शिरताना तिने मागे वळून पाहिले नाही. घरात आल्यावरच कळले की कोलेत आणि तिचा नवरा आलेत, ढोलवाला आलाय, वरच्या आळीतल्या तीन-चार बाया आल्यात, आणि काठी टेकत म्हातारा ओगुस्तही. सगळे दारात घुटमळले.

"बसा ना," सोलांज म्हणाली. "उभे काय?"

खुर्च्या पुरेनात. कोलेतचे घर शेजारीच; तिच्या नवऱ्याने भिंतीवरून आपले बाक इकडे दिले. सोलांजने ब्रिओश कापली. फुगलेल्या, सोनेरी पावाचे काप फिरले, वाइन गरम झाली. मग ओगुस्त म्हणाला, यंदा वेल लवकर फुटणार. त्यावर ढोलवाला म्हणाला, तुम्ही दरवर्षी हेच म्हणता आजोबा. बाया हसल्या. सोलांज अंगठ्याने सुरीचे पाते पुसत राहिली.

अंधारू लागले तेव्हा दार वाजले. अमेदे होता. टोपी हातात.

"सोलांज... मी बोलून बघतो त्यांच्याशी. पुढच्या वर्षी तरी..."

"पुढच्या वर्षी माझा मान नाही."

ती आत गेली. इतरांच्या वाट्याएवढाच काप तिने कापला, रुमालात ठेवला आणि उंबऱ्यावरून त्याच्या हातात दिला.

"घे. देवाच्या नावाचा आहे. याला नाही म्हणायचं नसतं."

अमेदेने तिच्या खांद्यावरून आत पाहिले. बाकावर एक जागा होती. सोलांज दारातून हलली नाही. तो गल्लीत उभ्या उभ्याच खाऊ लागला. चुरा त्याच्या काळ्या कोटावर सांडत होता. त्याचे खाऊन होईपर्यंत ती थांबली. रुमाल परत घेतला, झटकला, घडी घातली. मग दार लावले, कडीचा आवाजही होऊ न देता.