आईच्या कपाळाचं हाड

दर ऑक्टोबरात मेलेल्या आईची हाडं पेटीतून काढायची, ब्रशने झटकायची, नवं भरतकामाचं फडकं घालून परत ठेवायची. पोमुच गावच्या रिवाजात हे काम लेकीचंच. पण आज एलादियाचं कपाळ सकाळपासून असं ठणकत होतं, की कबरस्तानातल्या उन्हात डोळा उघडेना.

"झालं सोंग सुरू!" तिची लेक नेल्मी म्हणाली. "काम दिसलं की दुखतंच डोकं. आणि दाढी तरी करून यायचीस, चारचौघांत!"

नेल्मीच्या कडेवर सात महिन्यांची लुसेली होती. एरवी ती दिवसभर एलादियाच्याच मांडीवर. तेवढाच काय तो सुखाचा घास.

शहरातल्या डॉक्टरणीने एक्स-रे दाखवून सांगितलं होतं, कपाळाचं हाड आतून वाढतंय, हार्मोन बिघडलेत, म्हणून ही दुखणी, हे सुटलेलं अंग, हनुवटीवरचे केस. घरात कुणी तो कागद उलगडलासुद्धा नाही. लेकीने मेलीने एकदा तरी म्हणावं, आई, दुखतंय ना गं? एवढंच हवं होतं तिला. पण मागणार कुठल्या तोंडाने? स्वतःची आई अशीच कपाळ धरून बसायची, तेव्हा हिनेच शेजारणींना जमवून तिची टिंगल केली होती.

कळ आली आणि आईची कवटी हातातून निसटली. फरशीवर कवटीचं कपाळ दुभंगलं. कबरी राखणारा म्हातारा तोनोकाका धावला. तुकडा उचलून बघतच राहिला.

"अरे देवा! चाळीस वर्षं कवट्या हाताळतोय. हाड अर्धं बोटसुद्धा नसतं. हे दोन बोटं जाड, आतून नुसत्या गाठी! कसं सोसलं असेल बाईने?"

एलादियाने तुकडा लेकीच्या हातात कोंबला. "बघ! माझ्याही कपाळात हेच वाढतंय. सोंग आहे का हे?"

नेल्मीने त्यावरून अंगठा फिरवला. तिचा चेहरा उतरला. "खरंच की गं आई. केवढं दुखत असेल तुला."

एलादियाला रडूच फुटलं. डोळे पुसून तिने हात पसरले. "दे तिला इकडे."

नेल्मी मागे सरली. "नको. शेवटी आजीला माणसं ओळखू येईनात. उकळतं पाणी फेकलं तिने माझ्यावर. आता तुझंही तेच होणार. लुसेलीला आजपासून हात लावायचा नाहीस."

"अगं, खोटं बोलले मी!" एलादिया किंचाळली. "काही दुखत नाही मला! कामाचा कंटाळा, दुसरं काही नाही, शप्पथ!"

पण आता नेल्मीचा तिच्या दुखण्यावर पक्का विश्वास बसला होता.