वीणेचा पहारा आणि न्यूझीलंडचा रस्ता

ताडकळसच्या आठवडी बाजारात महारुद्रअप्पांना कुणी साधं 'राम कृष्ण हरी' घातलं, तरी अप्पा त्याला न्यूझीलंडपर्यंत फिरवून आणायचे. मिरच्या घ्यायला आलेला माणूस रिकामी पिशवी धरून उभा राही आणि अप्पा हवेत बोटानं रस्ता काढीत.

"आधी विमानानं ऑकलंड. उतरलं की भाड्याची गाडी उभीच. किल्ली आपल्या हातात. गाडी घेऊन रोटोरुआला जायाचं. तिथं जिमिनीतून उकळता चिखल वर येतो, तो बघायचा. मंग गाडी तिथल्या विमानतळावर सोडून द्यायची."

"सोडून? अन् कुणी नेली म्हंजे?"

"तिथं कुणी नेत न्हाई."

"मंग तिथली मानसं दिसभर करतात तरी काय?"

अप्पा हसत, पण थांबत नसत. "फिरून विमान. ख्राइस्टचर्चला दुसरी गाडी. डोंगराच्या कडंकडंनं टेकापोचं निळं तळं, तिथून क्वीन्सटाऊन. आणि हे सगळं मांडलं कुणी? आमच्या भक्तीनं!"

कीर्तनात बुवा कितीही लांबचा दृष्टांत घेवोत, शेवटी धृपदावर येतातच. तसे अप्पा फिरून फिरून भक्तीवर येत. भक्ती म्हणजे त्यांची धाकटी. पुण्यात इंजिनीअर. आईबापाला परदेश दाखवायचा, तोही टूरवाल्यांच्या झेंड्यामागं पळत नव्हे, तर आपली गाडी आपण चालवत, हे तिनं मनावर घेतलं होतं. रोज संध्याकाळी तिचा फोन येई आणि मोबाइलच्या पडद्यावर नकाशा पसरून बापलेक तासभर मुक्काम ठरवीत बसत.

गाव ते गाव फिरणं अप्पांना नवं नव्हतं. सप्त्याच्या मोसमात सकाळी पिंगळीत, संध्याकाळी देवगाव फाट्याला, असे कितीतरी कीर्तनकार त्यांनी आपल्या जीपमधून पोचवले होते. पण त्या फिरण्यात जेवणाची नि पथारीची काळजी गावाची असे. त्यामुळं टेकापोच्या मुक्कामाचा विषय निघाला तेव्हा अप्पांनी सवयीनं विचारलं, "तिथं पंगत कुणाकडं?"

भक्ती हसून लोळायची बाकी राहिली. "अप्पा, तिथं पंगत आपल्याकडंच. खोलीत शेगडी हाय. माय भाकरी करंल, तुमी ताटं धुवायची."

मागून रुख्मिणीबाई, अप्पांच्या मंडळी, म्हणाल्या, "हे म्हंजे लय भारी देश दिसतोय. चला, मी आजच निघते."

या सगळ्या बेतात अप्पांची अट एकच होती. दत्तजयंतीचा सप्ता चुकता कामा नये.

गावच्या मारुतीच्या देवळात दत्तजयंतीच्या आधी सात दिवस अखंड हरिनाम चालतं. त्या सात दिवसांत वीणा खाली टेकवायची नाही. एकानं गळ्यात घेऊन उभं राहायचं, त्याची पाळी सरली की दुसऱ्यानं त्याच्या गळ्यातून घ्यायची. घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. या उभं राहण्याला पहारा म्हणतात आणि प्रत्येक पहारा एकेका घराचा असतो. भर दुपारचा, जेवणावळीनंतर सगळं गाव आडवं होतं त्या वेळचा पहारा अप्पांच्या घरचा. आधी त्यांच्या वडलांचा, वडलांमागं त्यांचा. एका सालीही चुकलेला नाही. आणि चुकला, तर पहारा घर बदलतो. तो मागायला गावात दहा घरं टपलेली असतात, आणि एकदा गेला की परत येत नाही.

म्हणून माघ महिन्यात भक्तीनं विचारलं होतं, "अप्पा, यंदा सप्ता कधी उठतो?"

अप्पांना लोक रस्त्यात अडवून तिथी विचारत. ते बोटाची पेरं मोजून सांगत नि पंचांग त्यांच्या मागून येई. या वेळी त्यांनी मोजायचीही तसदी घेतली नाही. "गेल्या साली डिसेंबर लागला अन् काला झाला. सण दर साली धा-बारा दिस अलीकडं सरकतात. नोव्हेंबर सरला की मी मोकळा. बिनघोर काढ तिकिटं."

भक्तीनं काढली. नाताळाच्या सुमारास तिची कंपनी बंद असते, ते दिवस धरून विमान, त्याला जोडून गाडी, गाडीला जोडून मुक्काम, मुक्कामाला जोडून पुन्हा विमान, अशी माळच ओवली.

मग उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला.

धोंड्याचा, म्हणजे अधिक मास. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. थोरली राजेश्री नि तिचे मालक परमेश्वर पिंगळीहून जेवायला आले. भक्तीही पुण्याहून आली. मान म्हणून बन्सीधरकाकांना बोलावलं होतं. काका भजनी मंडळाचे म्होरके. सप्त्यातले पहारे तेच लावतात.

रुख्मिणीबाईंनी पुरण भरलेले धोंडे केले होते, वर तुपाची धार. परमेश्वर हात आडवा धरू लागले तशी काकांनीच त्यांच्या ताटात आणखी एक टाकला. "ओ जावई, धोंड्यात जावयानं न्हाई म्हनू ने, अन् जावयाला कुणी न्हाई म्हनू ने. खावा!"

"काका, जीव जाईल माझा."

"जाऊ द्या. धोंड्यात गेला तर वैकुंठच हाय!"

हसण्याचा गलका झाला. जेवणं उरकली, पाट उचलले. जावयाला कपडे दिले, तेहतीस अनारशांसोबत समई ठेवून अधिक मासाचं वाण दिलं. मग अप्पांनी भक्तीला मोबाइल काढायला लावला. काकांना रस्ता दाखवायचा होता ना!

काकांनी चष्मा नाकावर घेऊन निळं तळं बघितलं, बर्फाचे डोंगर बघितले. "सुंदर. लय सुंदर. महारुद्रा, नशीब काढलंस. अन् निघायलाव कधी?"

भक्तीनं तारीख सांगितली.

काका चष्मा काढून म्हणाले, "अन् सप्ता?"

"सप्ता तवा कवाच उठलेला असतो," अप्पा म्हणाले.

"महारुद्रा, तू आत्ता काय जेवलास?"

"धोंडे."

"धोंडा आला म्हंजे साल एक महिना लांबलं. पुढले सगळे सण लांबणीवर गेले. औंदा दत्तजयंती नाताळाला भिडतीया, बाबा."

अप्पांची बोटं आपोआप पेरांवर गेली, एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली आणि थांबली. साऱ्या गावाला तिथी सांगणारा माणूस धोंड्याच्या कौतुकात धोंडाच मोजायचा विसरला होता.

भक्ती हळूच म्हणाली, "एक दिवस हलवला तरी सगळंच हलतं, अप्पा. कंपनीही दुसऱ्या वेळी इतके दिवस सोडणार न्हाई. पण असू द्या. मी रद्द करते."

"खुळी का काय! तुमी मायलेकी जा. मी हितं उभा राहतो. त्यात काय मोठं?" अप्पा म्हणाले खरे, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"मी न्हाई जायची एकटी," रुख्मिणीबाई ठामपणे म्हणाल्या. "त्या उकळत्या चिखलाकडं बघून बोलू कुणासंगं?"

अप्पा भिंतीला टेकून बसले. चार महिने भक्तीनं खपून मांडलेला तो रस्ता त्यांना पाठ झाला होता. तो असा मोडायचा? आणि पहारा सोडायचा तरी कसा? वडलांनी वीणा त्यांच्या गळ्यात घातली तेव्हा म्हातारपणानं हात थरथरत होते, पण वीणा हलली नव्हती.

तेव्हा राजेश्री बोलली. "अप्पा, मी उभी राहते की."

राजेश्री तशी कमी बोलणारी. पण पिंगळीत पोरं जमवून हरिपाठ शिकवते नि सुरात अशी की वाटंनं जाणारा थबकावा. काकांनी मात्र मान हलवली. "बाई, तुझ्या गळ्याबद्दल मी काय बोलू? लेकीबाळींनी वीणा घ्यावी न्हाई असंही म्या म्हनत न्हाई. पण पहारा घराचा असतो, अन् तू दिल्या घरची. तू पिंगळीची. उद्या धा जण माझ्या दारात येऊन विचारतील, महारुद्राच्या घरचं कोण उभं हाय? म्या काय सांगू?"

राजेश्रीनं खाली बघितलं.

परमेश्वर इतका वेळ पोटावर हात ठेवून लोडाला रेलले होते. ते सावरून बसले. "मामा, वाण समदं दिऊन झालं का?"

अप्पा गोंधळले. "काही राहिलं का? सांगा की, परमेश्वरराव."

"कपडे, समई तुमच्या मनानं दिलं. आता माझ्या मनानं मागतो. दुपारचा पहारा वाणात द्या. राजेश्रीच्या वटीत घाला."

"आँ?" काका ताडकन म्हणाले. "पहारा काय भांडं हाय का वाण द्यायला?"

"काका, जावयाला कुणी न्हाई म्हनू ने, असं कोन म्हनलं मघाशी? तो शेवटला धोंडा अजून हितं अडकलाय बघा माझ्या." परमेश्वरांनी गळ्यावर बोट ठेवलं. "आन दिल्या घरचं म्हणाल, तर दिलेल्या लेकीला बापानं दान द्यायचा महिना हाच. घरातून गेलेल्या लेकीला घरातलंच द्यायचं."

काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "पकडलं गड्यानं! पण महारुद्रा, नीट ऐक. दान दिलं की माघारी येत न्हाई. हे औंदापुरतं न्हाई. पुढल्या साली तू गावात असलास तरी दुपारी तीच उभी राहील. तू टाळकऱ्यांत."

अप्पा हबकले. हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सप्त्यातल्या दुपारी गळ्यात वीणा नाही, या कल्पनेनंच खांदा हलका, ओकाबोका वाटला. त्यांनी राजेश्रीकडं बघितलं.

"उभं राहावं लागतं, बाई. पाठ टेकता येत न्हाई. जेवणानंतरची वेळ, डोळा लागतो."

"मला ठाव हाय, अप्पा," राजेश्री म्हणाली. "लग्नापर्यंत दर साली तुमच्या मागं टाळ घेऊन मीच होते. तुमची मान कलली की मी टाळ जोरात वाजवायची."

"म्हंजे हा पेंगायचा?" काका ओरडले.

"कदी कदी," राजेश्री म्हणाली, आणि जीभ चावली.

सगळं घर हसलं. अप्पाही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, पहारा आपण एकट्यानं सांभाळला. आपल्या मागं एक पोर टाळ घेऊन आपला पहारा जागवत होती. हे वाण देताना त्यांच्या मनात तोटा म्हणून काही उरलंच नाही.

"रुख्मिणी, तांब्या आण. तुळशीचं पान आण."

राजेश्रीनं पदर पसरला. अप्पांनी तुळशीपत्र ठेवून पळीभर पाणी सोडलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "दुपारचा पहारा माझ्या लेकीला दिला." मग देवळातून वीणा आणवली. सप्ता लांब होता, पण द्यायचं ते आजच. त्यांनी ती आधी आपल्या गळ्यात घेतली, मग काढून राजेश्रीच्या गळ्यात घातली आणि रिवाजाप्रमाणं तिच्या पायाशी वाकले.

राजेश्री मागं सरली. "अप्पा! बापानं लेकीच्या पाया पडायचं असतं का?"

"लेकीच्या कोन पडायलंय? मी विणेकऱ्याच्या पाया पडायलोय. सरळ उभी राहा. वीणा हलू देऊ नको."

ती सरळ उभी राहिली. बोट तारेवर गेलं, झणकार उठला, आणि परमेश्वरांनी दोन वाट्या घेऊन टाळ म्हणून वाजवायला सुरुवात केली. काकांनी डोळे मिटून 'विठ्ठल विठ्ठल' धरलं. भक्तीनं मोबाइलवर ते टिपून घेतलं.

सगळं निवल्यावर ती अप्पांजवळ येऊन बसली. "मंग तिकिटं राहू देऊ ना?"

"राहू दे. टेकापोला एक मुक्काम वाढीव मिळतो का बघ. तिथं बसून आपण सांगू लोकांना, आमच्या गावात आत्ता आमची राजेश्री उभी हाय म्हणून."

"तिथल्यांना काय कळणार, अप्पा?"

"कळत न्हाई त्यालाच समजावून सांगायचं असतं. कीर्तन दुसरं काय असतं?"

काका जायला उठले. चपला पायात सरकवत उंबऱ्यावर थांबले. "महारुद्रा, पहाऱ्याच्या फळ्यावर नाव लावायचं म्हंजे कुणाचं घर लावू? ताडकळस का पिंगळी?"

अप्पांनी आधी परमेश्वरांकडं बघितलं, मग राजेश्रीकडं. ती अजून वीणेच्या तारा पदरानं पुसत होती.

"नुसतं राजेश्री लावा," ते म्हणाले. "कुणाची कोन, ते तिचा सूर ऐकून विचारतील लोक. तवा सांगू."