पूंकुळमचे आकडे

मित्रांनो, मी एक जुने गणकयंत्र आहे. खिशात मावणारे नव्हे. चांगले सहा किलो वजनाचे, काळ्या लोखंडाचे. मला वीज लागत नाही. अंगावरच्या खाचांतल्या खिट्ट्या सरकवून आकडा मांडायचा आणि उजव्या बाजूचा दांडा फिरवायचा. पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. वजा करता करता कोणी शून्याच्याही खाली गेलेच, तर माझ्या पोटातली घंटी वाजते.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. १९५८ साली मी तंजावूरच्या एका कॉलेजात, संख्याशास्त्र विभागात आले. भाताच्या पिकाचे अंदाज, कालव्यांचे पाणी, पावसाची सरासरी, सगळे माझ्याच दांड्यावर निघत असे. पुढे हातात मावणारे कॅल्क्युलेटर आले. १९९१ साली कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी गार हवेची खोली झाली, पडदे लागले, आत जाताना प्राध्यापकसुद्धा चपला बाहेर काढू लागले. मी कपाटाच्या खालच्या फळीवर गेले आणि माझ्या डोक्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मला पुन्हा बाहेर काढले ते वसुमतीबाईंनी. त्या विभागात शिकवत. राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचे घर होते. त्या घरात मराठी बोलत, पाढे तमिळमध्ये म्हणत आणि फळ्यावर इंग्रजी लिहीत. १९९२च्या डिसेंबरात कावेरीकाठच्या गावांत पाऊस इतका पडला, की तळी, कालवे आणि शेते एक झाली. पाठोपाठ कॉलरा आला.

वसुमतीबाईंचा धाकटा भाऊ सुरेंद्र डॉक्टर होता. साथीवर देखरेख करण्याचे काम त्याच्याकडे होते. एका गुरुवारी सकाळी तो थेट विभागात आला आणि उभ्यानेच बोलू लागला.

"अक्का, अकरा गावांत साथ आहे आणि माझ्याकडे पाण्याचे टँकर दोन. कुठलं गाव पुढच्या आठवड्यात पेटेल, तेवढं सांग."

"मी काय जोशी आहे?"

"गणितानं सांग ना. तू शिकवतेस की पोरांना."

बाई गार खोलीकडे गेल्या, पण वीज गेली होती. त्या दिवसांत ती दिवसातून तीनदा जाई आणि कॉम्प्युटरमधले अर्धे काम पुसले जाई. मग त्यांनी कपाट उघडले. शिलाई मशीनचे तेल माझ्या दांड्याला घातले आणि मला टेबलावर ठेवले.

त्यांची रीत सोपी होती. गावातल्या माणसांचे तीन गट करायचे: अजून आजारी न पडलेले, आजारी असलेले आणि बरे झालेले. एका आजाऱ्यामुळे किती नवे आजारी पडतात, ते आलेल्या आकड्यांवरून काढायचे. एकापेक्षा कमी, तर साथ विझते. एकापेक्षा जास्त, तर भडकते. त्यावरून उद्याचा आकडा काढायचा, उद्याच्यावरून परवाचा. असे एक एक दिवस पुढे जायचे. मी दुपारपर्यंत अकरा गावे फिरले, जागचे न हलता!

सुरेंद्रला सर्वांत जास्त भीती पूंकुळमची होती. वस्ती दोन हजारांची, पण पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिथल्या देवळाचा रथोत्सव होता आणि दहा हजार माणसे येणार होती. गावाच्या कचेरीतून सहा दिवसांचे आकडे आले होते: पाच, पाच, चार, चार, तीन, तीन. एकूण चोवीस.

बाईंनी खिट्ट्या लावल्या. माझ्या खिडकीत उत्तर आले. साथ विझत होती.

"अय्यो, केवढं ओझं उतरलं!" सुरेंद्र म्हणाला. त्याने पूंकुळमचा टँकर दुसऱ्या गावाला पाठवला. विभागातल्या सगळ्यांनी येऊन मला थोपटले. इतक्या वर्षांनी मिळालेली शाबासकी होती, मित्रांनो. मी फुलून गेले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरेंद्र पुन्हा आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. हातात एक चिठ्ठी होती. पूंकुळमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई नागलक्ष्मी यांनी सलाईनच्या सातशे बाटल्या मागितल्या होत्या. गेल्या सहा दिवसांत तितक्याच संपल्या, असेही लिहिले होते.

"एका आजाऱ्याला किती लागतात?" बाईंनी विचारले.

"साधारण दहा."

बाईंनी भागाकारासाठी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. सत्तर आजारी. कागदावर चोवीस. त्या पटकन उठल्या, मला टॉवेलात गुंडाळले आणि म्हणाल्या, "जीप काढ."

रस्त्याच्या दोन्हीकडे शेतांत पाणी साचले होते आणि मी मागच्या सीटवर प्रत्येक खड्ड्याला खडखडत होते. सारखे मनात येत होते, काल मी काय बोलून बसले!

उपकेंद्राच्या ओसरीवर माणसे चटयांवर पडली होती. बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या होत्या. नागलक्ष्मीबाईंनी आपली वही पुढे केली. त्यात तारखेवार उभ्या रेघा ओढल्या होत्या. सहा, आठ, दहा, बारा, पंधरा, एकोणीस.

"हे वर का पाठवलं नाहीत?" सुरेंद्रचा आवाज चढला.

"पाठवायचं काम कचेरीचं, सार," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "माझी वही कुणी मागितली नाही. आज सकाळी दोघं गेले. फुलं विकणारी चंद्रमती आणि तिचा नवरा. देवळाच्या तळ्याचंच पाणी पीत होते. काल टँकर येतो म्हणाले होते, आला नाही."

वसुमतीबाई खाली बसल्या. वहीतला एक एक आकडा त्यांनी आपल्या कागदावर उतरवून घेतला. मला घंटी वाजवून ओरडावेसे वाटले; पण मला कोणी फिरवल्याशिवाय आवाज नाही.

देवळाच्या मंडपात उत्सवाची मंडळी जमली होती. त्यांचे प्रमुख एकोजीराव, गावातले मोठे जमीनदार; गावची कचेरीही त्यांच्याच शब्दावर चालायची. ते वसुमती आणि सुरेंद्रचे सख्खे मामा होते. भाचरांना पाहून ते हसले, पण बाईंनी मला त्यांच्यासमोर ठेवल्यावर हसू मावळले.

"मामा, रथ थांबवा. तळं बंद करा."

"वसु, कालच ह्या यंत्रानं सांगितलं की काळजी नको. आज हे फिरलं?"

"कालचे आकडे तुमच्या कचेरीनं दिले होते. आज नर्सम्माच्या वहीतले घालते. तुम्हीच बघा."

त्यांनी दांडा धरला. एक दिवस, चोवीस नवे आजारी. दुसरा दिवस, एकोणतीस. बाई प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत होत्या. छत्तीस. चव्वेचाळीस. त्रेपन्न. कोणीतरी "पुरे" म्हणाले. बाई थांबल्या नाहीत. चौसष्ट. सत्त्याहत्तर. आठवा दिवस रथाचा. त्या एका दिवसात, एकट्या ह्या गावात, एक्क्याण्णव.

"आणि हे बाहेरून येणारे दहा हजार न धरता," त्या म्हणाल्या. "ते तळ्याचं पाणी पिऊन आपापल्या गावी जातील."

"शंभर वर्षांत रथ थांबला नाही, वसु. लोक मला काय म्हणतील?"

"तुम्हीच कमी लिहायला सांगितलंत ना, मामा?"

एकोजीरावांनी मान फिरवली. बाईंनी आवाज खाली आणला. "सेरी, बरं, ते राहू द्या. एकच आकडा खरा सांगा. तुमच्या घरात कितीजण निजून आहेत?"

एकोजीरावांनी उपरण्याने तोंड पुसले.

"दोन," ते म्हणाले. "स्वयंपाकीण, आणि आपली सूनबाई, धनलक्ष्मी. ती कालपासून डोळा उघडत नाही. बाहेर कळू नये म्हणून दवाखान्यात नेली नाही."

सुरेंद्र तेवढे ऐकून धावत सुटला. धनलक्ष्मीला त्याच जीपमधून उपकेंद्रात आणले. एकोजीराव मंडपात परत आले, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडले आणि रथ निघणार नाही असे स्वतःच्या तोंडाने सांगितले. काहींनी त्यांना खूप बोलून घेतले. त्यांनी ते ऐकून घेतले.

त्याच दुपारी तळ्याच्या पायऱ्यांवर काटेरी कुंपण घातले. टँकर आला, विहिरींत ब्लीचिंग पावडर पडली, घरोघर पाणी उकळू लागले. बाई मला घेऊन उपकेंद्रातच राहिल्या. रोज सकाळी नागलक्ष्मीबाई वही वाचत आणि मी पुढचा दिवस काढत असे. पहिले तीन दिवस आकडा चढतच होता. चौथ्या दिवशी तो थबकला. पाचव्या दिवशी उतरला. धनलक्ष्मी उठून बसली आणि तिने पेज मागितली. त्या आठवड्यात आणखी तिघे मात्र गेले.

रथाच्या ठरल्या दिवशी नवे आजारी आले सात.

गावातला एकजण चेष्टेने म्हणाला, "काय बाई, तुमचं यंत्र एक्क्याण्णव म्हणत होतं. चांगलंच चुकलं की!"

"चुकावं म्हणूनच तर मोठ्यानं वाचलं होतं," बाई म्हणाल्या, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा रडल्या.

आता मी विभागात काचेच्या कपाटात असते. बाई निवृत्त होईपर्यंत दर वर्षी नव्या मुलांसमोर मला काढत. आधी एक्क्याण्णव आणि सातची गोष्ट सांगत नसत. आधी ते चोवीस फळ्यावर लिहीत, त्याखाली चंद्रमती आणि तिच्या नवऱ्याबद्दल सांगत, आणि मगच पुढे जात.

मित्रांनो, मला तेल घाला, माझी धूळ झाडा, एवढे तर तुम्ही करालच. पण माझे मागणे दुसरे आहे. मला खरे आणि खोटे यातला फरक कळत नाही. कोणी पाच सांगितले तर मी पाचच फिरवते. माझ्यापेक्षा हजारपट हुशार यंत्रे आली, तरी त्यांचेही तसेच आहे. म्हणून घरात, गल्लीत कोणी आजारी पडले तर लपवू नका, लाजू नका. आणि कोणी तुम्हाला विचारायला आले, कितीजण, तर जितके असतील तितके सांगा.