बटणांची चौकट

"हे कुणाचं?" ठाण्याच्या जमादारानं कागदाची पुडी सोडली आणि आतलं बटण कापायच्या फळीवर ठेवलं.

गुरुसिद्धप्पा शिंप्यानं बघितलं आणि त्याला लगेच कळलं. शिंगाचं तपकिरी बटण, भोवती पितळेची बारीक कड. भोकांत अजून दोरा होता आणि मुळाशी त्या दोऱ्याचे तीन वेढे. असे तीन वेढे सगळ्या पंचक्रोशीत एकच बाई द्यायची, त्याची बायको नीलम्मा. कपडे तो शिवायचा, काजं-बटणं ती करायची. दोन वर्षांपूर्वी या जातीची पाच बटणं तिनं एका कोटाला लावली होती. कोट वीरप्पाचा, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, जगदेवीच्या नवऱ्याचा, लग्नातला.

"कुठं घावलं, साहेब?"

"बोरी नदीच्या काठाला मुर्दा होता. चार रोजाचा. तोंड कुत्र्यांनी ठेवलं न्हाय. सरहद्दीपल्याडच्या कॅम्पातला हाय, येवढं पक्कं. आमी तिथंच मिट्टी दिली. आता त्याचं घर पायजे."

मोगलाईविरुद्ध लढणारी पोरं सरहद्दीपल्याड कॅम्प करून होती, आणि त्यांचं घर पाहिजे म्हणजे काय, हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या महिन्यात शेजारच्या गावात असंच एक घर सापडलं. ते धान्यासकट पेटवलं, आणि म्हाताऱ्याला नि दोन पोरांना धरून नेलं ते परत आले नाहीत. वीरप्पाचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. तिथं त्याचे आईबाप होते, दोन भाऊ होते आणि जगदेवी होती. वीरप्पा सोलापूरच्या गिरणीत लागलाय, असं ती सगळी माणसं विचारणाऱ्याला सांगायची.

"चष्म्याची काडी मोडलीय, साहेब," गुरुसिद्धप्पा म्हणाला. "नीट दिसंना."

जमादार हसला. "मास्तर, बाजारात तर नुसतं चाचपून नावं सांगतोस. उद्या बाजार हाय, तुजी चौकट लागंलच. ह्याचं जोडीदार तिच्यावर असणार. तू काढ, न्हायतर मी काढतो."

चौकटीचं असं होतं. गुरुसिद्धप्पा कुठलाही कपडा शिवताना एक बटण जास्तीचं घ्यायचा. पुढंमागं गिऱ्हाइकाचं एखादं तुटलं, हरवलं, तर जोडीचं मिळावं म्हणून. ती जास्तीची बटणं त्यानं निळीत बुडवलेल्या जाड कापडावर ओळीनं शिवून घेतली, घराण्याची घराण्याशेजारी, बापाचं वर आणि लेकाचं खाली, आणि कापडाला सुतारानं लाकडी चौकट केली. शिंपल्याची, शिंगाची, लाखेची, पितळेची, चारशेच्या वर बटणं. लाखेची उन्हानं मऊ पडतात म्हणून एरवी चौकट घरी कणगीमागं धोतरात गुंडाळून असायची. फक्त बाजारच्या दिवशी ती दुकानाच्या दारात लागायची.

आणि मग गुरुसिद्धप्पाच्या अंगात यायचं. एरवी चार शब्द न बोलणारा माणूस, पण बाजारकरी कुठल्याही बटणावर बोट ठेवून "हे कुणाचं?" म्हणाले की हा धाडधाड सांगत सुटायचा. कुणाचं, कुठल्या लग्नातलं, कापड कुठलं, बाही किती. लोक त्याला डोळे मिटायला लावून हातात बटण द्यायचे, तरी चुकायचा नाही. खुद्द जमादारानं आपल्या शेरवानीचं चांदीच्या मुलाम्याचं बटण हट्टानं वरच्या ओळीत लावून घेतलं होतं. पाहुणे आले की त्यांना तो चौकटीपुढं उभं करायचा. गुरुसिद्धप्पाला त्याचं केवढं भूषण वाटायचं. तीस वर्षं मिरवली ती चौकट आता त्याच्याच गळ्याशी आली होती.

तो दुकान बंद करून उन्हातच घरी आला. चौकट काढून पडवीत ठेवली आणि कात्री घेतली. ते एक बटण काढायचं, बस्स, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं. पण त्याचा दोरा कापला आणि तो बघतच राहिला. जगदेवीच्या लग्नाच्या साली नवं घातलेलं कापड बाजारच्या उन्हानं सगळं विटून गेलं होतं, बटणाखालचा तेवढा गोल मात्र गर्द निळा. शिवाय वर वीरप्पाच्या बापाचं बटण, डावी-उजवीकडं भावांची. रिकामी जागा कुणाची, हे बाजारातल्या कुठल्याही माणसानं सांगितलं असतं.

त्यानं पुढचं बटण कापलं. मग त्याच्या पुढचं.

नीलम्मा चुलीपासून उठून आली. "आवं, हे काय चाललंय?"

"समदी काढायची. डब्यात टाकून कालवायची."

"का पण?"

त्यानं जमादाराचं सांगितलं. नदीकाठचं सांगितलं. नाव सांगितलं नाही.

"बटन कुणाचं हुतं?"

"वळकलं न्हाय."

नीलम्मानं त्याच्याकडं बघितलं. तीस वर्षांत हा माणूस असं कधी म्हणाला नव्हता. मग तिची नजर कापडावर गेली, त्यानं सगळ्यांत आधी कुठनं कापलं होतं तिथं. ती खाली बसली. बराच वेळ तिनं त्या गर्द निळ्या गोलावर अंगठा ठेवला होता. मग पदरानं तोंड पुसून तिनं दुसरी कात्री आणली आणि खालच्या टोकानं सुरुवात केली. दिवस बुडायच्या आत चौकट उघडी झाली. त्या दिवशी चुलीवरची भाकरी करपली ती तशीच राहिली.

सकाळी गुरुसिद्धप्पा दुकानात डबा घेऊन बसला. जमादार आला, मागं दोन शिपाई.

"चौकट?"

"कसरीनं कापड खाल्लं, साहेब. नवं घालाय म्हणून बटनं उतरवली."

जमादारानं डबा उचलून फळीवर उपडा केला. चारशे बटणांचा ढीग पसरला. "काढ जोडीदार."

गुरुसिद्धप्पानं ढिगात बोटं फिरवली. बोटांना सगळं कळत होतं. हे अण्णारावांच्या बंडीचं, हे कल्याणप्पाच्या कोटाचं. "न्हाय सांगता येत," तो म्हणाला. "समदी सारखीच लागत्यात. वय झालं."

दुकानापुढं माणसं जमली होती. जमादारानं ढिगातनं मुलाम्याचं बटण उचलून त्याच्या नाकापुढं धरलं. "हे कुणाचं?"

ते ओळखायला डोळेसुद्धा लागत नव्हते. ते ओळखलं तर बाकीची का ओळखत नाहीस, असं विचारणार, हे गुरुसिद्धप्पाला समजलं.

"न्हाय सांगता येत, साहेब."

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. जमादारानं त्याच्या कानाखाली अशी लगावली की तो शिलाई मशीनच्या चाकावर आपटला. मग फळी लाथेनं उलटी केली. हातातलं तपकिरी बटणही त्यानं रागानं त्याच ढिगाऱ्यात भिरकावलं. "इतकी सालं लोकांना बनवत होता हा म्हातारा," तो लोकांना म्हणाला, आणि निघून गेला.

मार खाल्ल्याचं गुरुसिद्धप्पाला फारसं वाटलं नाही. लोकांनी ते खरं मानलं, हे मात्र त्याला फार लागलं. दिवसभर तो बाजारकऱ्यांच्या पायांतनं बटणं वेचत राहिला. तपकिरी दोन्ही सापडली. ती त्यानं चंचीत वेगळी ठेवली.

पुढं भाद्रपदात सरहद्दीपल्याडनं फौज आली आणि मोगलाई चार दिवसांत संपली. जमादार वर्दी टाकून कुठंतरी निघून गेला. कॅम्पातले लोक गुलाल उधळत परत आले. वीरप्पा आला नाही. तो उन्हाळ्यात नदीकडं गेला होता, एवढंच त्याच्या सोबत्यांना माहीत होतं.

मग एका दुपारी जगदेवी दुकानात आली. कपाळावर विभूती, खाली ठसठशीत कुंकू.

"आप्पा," ती म्हणाली, "त्या जमादाराजवळचं बटन कुणाचं हुतं?"

गुरुसिद्धप्पानं चंची सोडली. दोन बटणं तिच्या तळहातावर ठेवली. एक कोरं, एक काळपटलेल्या दोऱ्याचं. तीन वेढे तिलाही येत होते, आईनंच शिकवले होते.

"कवापास्नं ठावं हुतं?"

"जमादार आला त्या दिसापास्नं."

"अव्वाला?"

त्यानं मान डोलावली. "तुझ्या आईला मी न सांगताच कळलं."

"चार म्हैनं मला कुंकू लावू दिलंत," ती म्हणाली. "रोज दारात बसू दिलंत."

"दिलं," तो म्हणाला. "तुझं तोंड बघून त्यांना कळलं असतं, बाई. घर ऱ्हायलं नसतं."

ती रडली नाही. कोपऱ्यात धोतरात गुंडाळलेली चौकट तिनं स्वतःच ओढली आणि मांडीवर घेतली. विटलेल्या कापडावर चारशे निळे गोल होते.

"जागा कुठली?"

गुरुसिद्धप्पानं बोट ठेवलं. तिनं सुई मागितली. पहिलं बटण त्या गोलावर शिवलं आणि दुसरं त्याला खेटून. मुळाशी तीन-तीन वेढे दिले आणि दोरा दातानं तोडला. मग पदराच्या टोकानं कपाळ पुसून ती सासरी गेली.

पुढच्या बाजारी चौकट दारात लागली. उघड्या कापडावर दोनच बटणं. गुरुसिद्धप्पा मशीनवर बसून होता. येणारे-जाणारे थांबायचे, बघायचे. हे कुणाचं, म्हणून त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.