तीन नळ्या आणि एक स्कूटर

खरेदीसाहेबांनी आयुष्यात कुठलीही वस्तू एका दमात घेतली नाही. कंपनीच्या खरेदी खात्यात होते तेव्हा तीन ठिकाणचे गुणदोष समोर आल्याशिवाय ते साधा खिळा आत येऊ देत नसत. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. त्यांची बायको शाळेत खेळाची शिक्षिका होती, म्हणून तिला घरीदारी सगळे बाईच म्हणत. बाई म्हणायच्या, ह्यांनी पंखा घ्यायचं ठरवलं की तो येईपर्यंत थंडी पडते.

एवढ्या चोखंदळ माणसाच्या हातून एकदा घोडचूक झाली होती, आणि ती घरात कुणी विसरू देत नसे. बाईंना शाळेत जायला त्यांनी स्कूटर घेतली होती. ब्रेक, टायर, पेट्रोल किती पिते, सुटे भाग कुठे मिळतात, सगळं तोलूनमापून. दारात आणून उभी केली, बाई ऐटीत बसल्या, आणि त्यांचे पाय जमिनीच्या वर लोंबकळत राहिले. सगळं पाहिलं होतं, फक्त बाईंना एकदा बसवून पाहायचं राहून गेलं होतं. स्कूटर शेजाऱ्यांच्या घरी गेली. लेकीला बापाची जिरवायची असली की ती आजही नुसतं 'स्कूटर' म्हणते.

आता मात्र प्रकरण चेष्टेचं नव्हतं. जन्मभर मुलांना मैदानाभोवती पळवणाऱ्या बाईंना जिना चढवेना. छातीत मधूनच फडफड सुरू व्हायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी सांगितलं, एट्रियल फिब्रिलेशन. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा हृदयाच्या वरच्या कप्प्यात उघडतात, तिथे विजेचे भलतेसलते इशारे उठतात आणि ठोक्यांचा ताल बिघडतो. गोळ्यांनी भागत नव्हतं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, हृदयापर्यंत न्यायची आणि त्या शिरांच्या तोंडाभोवती निकामी केलेल्या भागाचं कडं तयार करायचं, म्हणजे इशारे तिथेच अडतील. फार लांबवू नका, हे दुखणं मुरत जातं, असंही डॉक्टरांनी बजावलं. आणि जाता जाता त्यांच्या तोंडून निघून गेलं की कॅथेटर तीन प्रकारचे असतात.

झालं. खरेदीसाहेबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. दुसऱ्या दिवसापासून ते ओळखीच्या, बिनओळखीच्या डॉक्टरांना गाठू लागले. जेवताना तेच, झोपताना तेच. पहिल्या नळीचं टोक तापतं आणि ती ठिपक्याला ठिपका लावत कडं पुरं करते. शिरा कशाही असल्या तरी चालते, पण वेळ खाते आणि मागच्या अन्ननलिकेला जपावं लागतं. दुसरीच्या टोकाला फुगा असतो. तो शिरेच्या तोंडावर बसवायचा आणि गोठवायचा, की बहुतेक कडं एका झटक्यात तयार. पण छातीचा पडदा हलवणारी नस जवळच असते, तिच्यावर डोळा ठेवावा लागतो. तिसरी विजेचे क्षणभराचे झटके देते. काम चटकन आटपतं, आजूबाजूला धक्का कमी लागतो, पण ती नवी, तिचा फार वर्षांचा अनुभव कुणाच्या गाठीला नाही.

एका दुपारी त्यांनी स्टीलच्या पेल्याच्या तोंडावर खरा फुगा बसवून लेकीला प्रात्यक्षिक दाखवलं. फुगा फटकन फुटला. बाई तेव्हा भिंतीला टेकून श्वास सावरत होत्या. त्या पेला उचलून धुवायला घेऊन गेल्या.

असे महिने गेले. खरं सांगायचं तर खरेदीसाहेबांची पाचावर धारण बसली होती. जोवर तुलना चालू आहे तोवर बाईंना ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागणार नाही, एवढंच त्यांच्या मनाला कळत होतं. पण फडफड आता दिवसाआड होऊ लागली, तेव्हा लेकीनेच डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांपुढे खरेदीसाहेबांनी तिन्ही नळ्यांचा पाढा वाचला आणि तिसरी पसंत असल्याचं जाहीर केलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. बाईंच्या शिरांची ठेवण सरळ आहे, तिन्हींपैकी कुठलीही चालेल, तिन्ही माझ्या हातातल्या आहेत, असं ते म्हणाले. मग बाईंकडे वळून त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का?

"माझे पाय टेकतील का, तेवढं बघा," बाई म्हणाल्या.

डॉक्टर गोंधळले. खरेदीसाहेबांचा चेहरा मात्र खर्रकन उतरला. त्यांनी पाच मिनिटं मागून घेतली आणि बाईंना बाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं.

"तुला भीती वाटते का गं?" त्यांनी विचारलं.

"वाटते. नळीची नाही, झोपवतात त्याची. आई अशीच ऑपरेशनला झोपली ती उठली नाही. तुम्ही होतात की तेव्हा."

होते. बाहेर बाईंचा हात धरून तेच तर बसले होते. जगभरच्या नळ्या धुंडाळल्या आणि हे कसं आठवलं नाही, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, तुम्ही विचारलंत कुठे?"

दोघं पुन्हा आत गेली. या वेळी बाई बोलल्या आणि खरेदीसाहेब ऐकत बसले. डॉक्टर म्हणाले, बाकीच्या दोन्हींना मी पूर्ण भूल देतो. फुग्याच्या वेळी मात्र हलक्या गुंगीवर भागवता येईल. डोळे जड होतील, पण आमचे आवाज कानावर पडतील. त्या नसेवर आम्ही सारखं लक्ष ठेवू. आणि गुंगी वाढवावी लागलीच तर आधी तुम्हाला सांगू.

खरेदीसाहेबांच्या पसंतीत फुगा सर्वांत खाली होता. सवयीने त्यांनी तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि मिटून घेतलं.

"फुगा," बाई म्हणाल्या.

ठरल्या दिवशी सगळं सुरळीत पार पडलं. खरेदीसाहेबांना आत सोडलं तेव्हा बाई उताण्या पडून होत्या, पाय हलवायला बंदी होती. पडद्यावर ठोक्यांची रेघ एका तालात चालली होती.

"सगळ्यांचे आवाज ऐकू येत होते," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. "फक्त तुमचा नव्हता. त्यामुळे जरा विश्रांती मिळाली."

ते हसले आणि त्याच वेळी डोळे पुसू लागले. मग त्यांनी खुर्ची ओढली.

"काय हवंय तुला?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसून राहिले.