सुईआधीचा प्रश्न

"तुझं ते लाल स्वेटर कुठे गेलं गं?" भाजी निवडता निवडता आईने विचारलं आणि लेकीचा हात जागच्या जागी थांबला.

आईचं आयुष्य रक्त तपासणीच्या लॅबमध्ये गेलं होतं, लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधण्यात. तिची एक खोड होती. सुई टेकवताना ती काहीतरी फालतू विचारायची. "घड्याळ कुठून घेतलंत हो?" माणूस उत्तर शोधायला गेला की सुई आत. मग कापूस दाबत म्हणायची, "दुखलं?" लेकीचं रक्तही लहानपणापासून तीच काढायची आणि लेक दातओठ खाऊन म्हणायची, "नाही." पण तेव्हापासून आईने बिनकामाचं काही विचारलं की हिचा दंड आपोआप आखडायचा. दुधाने तोंड पोळलेली ती, ताक फुंकूनच पिणार.

त्यात हल्ली कुठेतरी पाणी मुरत होतं. उकाड्यातही आई पूर्ण बाह्यांचे कपडे घाली. एकदा बाही सरकली तर मनगटावर जांभळा डाग. "दार लागलं." बेसिनमध्ये गुलाबी थुंकी. "ब्रश नवा आहे." आणि काल दार लोटून घेऊन फोनवर दबका आवाज, "ब्लास्ट किती दिसले?" पलीकडे लॅबमधले दुर्बीणकाका होते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत, म्हणून हे नाव.

"आई, ब्लास्ट म्हणजे काय?"

रक्तातले शब्द उलगडून सांगण्यात आईचा हात कोण धरणार? हिमोग्लोबिन म्हणजे प्राणवायू वाहणारे हमाल. प्लेटलेट म्हणजे भोकं बुजवणारे गवंडी; ते कामावर आले नाहीत की अंगावर उगाचच डाग उठतात. पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. या शब्दाला मात्र ती अडखळली.

"कोवळ्या पेशी. मिसरूडही न फुटलेले पहारेकरी. तू कुठे ऐकलास?"

"तुझ्याच तोंडून. कोणाच्या रक्तात आहेत?"

"असतात कोणाच्या तरी. पेशंटचं नाव घरी सांगत नसतात. स्वेटर कुठंय ते बोल."

"आधी सांग, काय टोचणार आहेस?"

आई तिच्याकडे बघत राहिली. मग हसली. "फार शहाणी झालीस हो! काही नाही. भाजी निवड."

दोन दिवसांनी आई लॅबच्या जिन्यात कोसळली, ती उठलीच नाही. मेंदूत रक्तस्राव झाला, डॉक्टर म्हणाले.

नातेवाईक पांगल्यावर लेक लॅबमध्ये गेली.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं."

काकांनी चष्मा काढून उगाच पुसला. "स्वतःचं बोट टोचून सूक्ष्मदर्शकाखालची रक्ताची काच तिनेच केली. मी फक्त पाहिली. रक्ताचा कर्करोग. इस्पितळात खाट ठरली होती, बाळ. तुला तेवढं सांगायचं राहिलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"गेली होती ना सांगायला. दुसऱ्या दिवशी म्हणाली, प्रश्न विचारून झाला, पण पोरगी सावध निघाली. दंड आखडला की शीर सापडत नाही, म्हणाली."

लेकीने खुर्चीत बसून बाही वर सारली. "माझंही बघा."

"कशाला? हे काही सहसा आईकडून लेकीकडे येत नाही."

"असं तुम्ही म्हणता. दार लागलं, असं तीही म्हणाली होती."

काकांनी वाद घातला नाही. पट्टा आवळला, स्पिरिटचा गार बोळा फिरवला. ती प्रश्नाची वाट पाहत राहिली. सुई मुकाट्याने आत गेली. नळी भरली, काकांनी तिचं बोट कापसावर टेकवलं आणि पाठ फिरवून ते नळीवर चिठ्ठी डकवू लागले.

समोर आईचं स्टूल होतं. बसून बसून मध्यभागी गुळगुळीत झालेलं.

"स्वेटर माझ्याच कपाटात आहे," ती त्या स्टुलाकडे बघत म्हणाली. काकांचा हात थांबला, पण ते वळले नाहीत.

"आणि दुखलं, आई. दर वेळी दुखायचं."