चौथा प्रश्न

मुकादमाने लंबूच्या कमरेचा पट्टा दोनदा हिसडून बघितला, दोराची गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि वहीवर पेन्सिल टेकवली.

"दोर?"

"बघितला."

"कडी?"

"लावली."

"टोपी?"

"डोक्यावर. दिसत नाही का?"

मुकादमाने घसा खाकरला. पुढचं विचारताना त्याला अजूनही लाजल्यासारखं व्हायचं.

"मन थाऱ्यावर आहे?"

"आहे की," लंबू म्हणाला. जरा जास्तच चटकन म्हणाला.

हा चौथा प्रश्न ऑफिसच्या सुरक्षाबाईंनी गेल्या महिन्यात घातलेला. उंच इमारतींच्या काचा पुसणाऱ्या जोडीने काम सुरू करण्याआधी तो एकमेकांना विचारायचा. दोघांपैकी एक जरी 'नाही' म्हणाला, तरी त्या दिवशी दोघांनीही दोराला हात लावायचा नाही, जमिनीवरचं काम करायचं, आणि 'का' हे कुणी विचारायचं नाही. "मन म्हणजे काय कडी आहे, ओढून बघायला?" असं मुकादम भर बैठकीत म्हणाला होता. सगळे खो खो हसले. बाईसुद्धा हसल्या, पण प्रश्न काही त्यांनी काढला नाही. तेव्हापासून एकाच्याही वहीत 'नाही' आलं नव्हतं. कोण कशाला स्वतःचं हसं करून घेईल?

पण मुकादमाचे डोळे लंबूच्या हाताकडे गेले. हात कापत होता. सहा आठवड्यांपूर्वी अचानक वारा सुटला, लंबू दोरासकट भिरकावला गेला आणि खांदा काचेवर आपटला. वर आला तो हसतच. पण तेव्हापासून हा हात असाच. विचारायला जावं तर हा बाबा मरेल पण कबूल करणार नाही, आणि न विचारता खाली सोडावा तर? अकरा वर्षं हा माणूस त्याच्या भरवशावर हवेत लोंबकळत होता.

"आता मला विचार," मुकादम म्हणाला.

"मन थाऱ्यावर आहे?"

"नाही."

लंबूने चमकून बघितलं. मुकादमाने शांतपणे स्वतःच्या नावापुढे फुली मारली. धडधडीत खोटं, पण वेळ निभावली. लंबूने पट्टा सोडला.

सकाळभर दोघं तळमजल्याच्या काचा पुसत राहिले. कोवळं ऊन पाठीवर होतं. आतली टंकलेखक मुलगी त्यांना बघून हसली, लंबूने तिच्यासमोरच्या काचेवर फेसाच्या मिशा काढल्या आणि लगेच पुसल्या.

"अकरा वर्षांत पहिल्यांदा पाय टेकवून काच पुसतोय," तो म्हणाला. "मजा आहे राव!"

मुकादमाला बरं वाटलं. जमलं म्हणायचं. आता हा आपणहून बोलेल.

लंबू बोललाच.

"मुकादम, बरं झालं तुम्ही सांगून टाकलंत."

"मी?"

"मग? त्या वाऱ्यापासून बघतोय मी. एकदा बांधायची गाठ तुम्ही चार-चारदा सोडून बांधता. मी खाली उतरलो की दर मिनिटाला वरून हाक. डबा तसाच परत नेता. परवा वहिनी भेटल्या, म्हणाल्या, झोपेत दोर ओढतात." त्याने फडकं पिळलं. "खांद्याचं काय, चार दिवसांत विसरलो. पण वर तुम्हाला असं बघितलं ना, की माझा हात कापायला लागतो. म्हटलं, सांगावं कसं? तुम्ही तर बैठकीत सगळ्यांना हसवलेलं."

मुकादमाने तोंड उघडलं. 'अरे, मी तुझ्यासाठी खोटं बोललो' हे अगदी ओठांवर आलं होतं. त्याचं लक्ष समोर गेलं. लंबूच्या चार काचा लखलखीत झाल्या होत्या. तो स्वतः मघापासून ही एकच काच पुसत होता.

त्याने ते वाक्य गिळलं. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं त्याला एकदम हलकं वाटलं, आणि भूकही लागली.

"डबा काढ," तो म्हणाला. "आणि उद्यासुद्धा आधी मलाच विचार."